दोरीचं दुसरं टोक

मामा,

तुम्ही होतात तोवर ही हाक मी तुम्हाला तोंडावर कधी मारली नाही. आपल्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात, पण ते दुसऱ्या कुणाशी बोलताना. तुम्ही समोर आलात की मी पदर पुढे ओढून भिंतीला लागायची, आणि तुम्ही खाकरून, दुसरीकडेच बघत, आत्यांना म्हणायचात, "म्हनावं, च्या ठेवा." मी हाताच्या अंतरावर उभी असायची. तरी आत्या मान वळवून मला सांगायच्या, "च्या ठेव गं," आणि मी चहा ठेवायची. लग्नानंतरची कितीतरी वर्षं आपलं सगळं बोलणं असं सासूबाईंच्या तोंडून चाललं.

आज लिहायला बसले त्याचं कारण गेल्या रविवारचं. इथं सांगलीत, विश्रामबागेत, आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये मी आणि माझी सून गाडीच्या फुटक्या तोंडाशी बसलो होतो. तिनं दुभाजकावर गाडी घातली होती. तिला काही लागलं नाही, पण पुढचा बंपर, एक दिवा आणि आतली पट्टी गेली. सुटे भाग यायला महिना लागेल म्हणून शोरूमवाल्यांनी सांगितलं, आणि तिची नोकरी फिरतीची. मग हे, तुमचे चिरंजीव, म्हणाले, बंपर आणि दिवा मी भंगारातनं शोधून आणतो, बाकीचं घरीच करू. फौजेतून सुटल्यापासून ह्यांच्या अंगात तुम्ही संचारलेले असताच. हे सामान आणायला गेले, आणि मी कपाटातून तुमची दोरी काढली. तीच, गवंडी वापरतात तसली पांढरी सुताची. आता पांढरी म्हणायची एवढंच.

तुम्हाला ते दिवस आठवत असतील की नाही कोण जाणे. मला तर ते अंगण जसंच्या तसं दिसतं. इस्लामपूरच्या दवाखान्यात मी नर्स म्हणून नुकती लागले होते. सकाळची पाळी असली की पहिली एसटी उपयोगाची नसायची, म्हणून ह्यांनी सुट्टीवर आल्यावर जुनी पांढरी छोटी गाडी घेतली, कारखान्याच्या मैदानावर मला शिकवली आणि परत सीमेवर निघून गेले. गावात गाडी चालवणारी मी पहिलीच सून. आणि मग ऐन गळिताच्या हंगामात, सकाळच्या धुक्यात, रस्त्याच्या कडेला चाक निखळलेली उसाची ट्रॉली उभी. मागे ना दिवा, ना लाल फडकं. मी डोळे उघडले तेव्हा बॉनेट दुमडून काचेपाशी आलं होतं आणि त्यावर उसाच्या शेंड्याचं वाढं पडलं होतं. माझ्या कपाळाला एक टेंगूळ, बाकी मी धड. गाडी मात्र ट्रॅक्टरनं ओढत अंगणात आणावी लागली.

त्या दिवशी सगळ्यांना माझा जीव वाचल्याचा आनंद होता, आणि त्या आनंदात माझी नोकरी सगळ्यांनी मिळून संपवली. थोरले दीर म्हणाले, "भंगारात घाला ती गाडी. आन् नोकरी बास झाली आता. घरात काय कमी हाय?" कोरेगावला माहेरी फोन केला तर आईसुद्धा म्हणाली, जाऊ दे गं, जिवापेक्षा नोकरी मोठी का? मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला ती नोकरी हवी होती मामा, फार हवी होती. तिथं मला कुणी अमक्याची सून म्हणून ओळखत नव्हतं. पण हे म्हणायचं कुणाला? तुम्ही जेवलात, हात धुतलात. सकाळी उठून पाहते तर तुम्ही गाडीखाली आडवे. बाहेर आलात, पायजमा झटकलात आणि आत्यांना म्हणालात, "म्हनावं, इंजिनाला काय झालं न्हाई. रजा टाका, पन नोकरी सोडू नगा."

दीर म्हणाले, "आबा, लोकं हसतील." तुम्ही म्हणालात, "हसू दे की. फुकाट हाय."

फौजेच्या वर्कशॉपात तुमचा जन्म गेला होता हे मला ठाऊक होतं, पण ते म्हणजे काय हे मी त्या महिन्यात पाहिलं. तुम्ही सांगलीला गेलात. तुमच्या पलटणीतल्या जोडीदाराचं तिथं जुन्या गाड्या फोडायचं दुकान होतं. एसटीच्या टपावर बॉनेट बांधून संध्याकाळी परत आलात. गाडी पांढरी आणि बॉनेट मेंदीच्या पाल्यासारखं हिरवं. रेडिएटर दुसऱ्याच कुठल्या गाडीचा, पोत्यात गुंडाळलेला. त्याची तोंडं बंद करून तुम्ही तो म्हशींच्या हौदात बुडवता, सायकलच्या पंपानं हवा मारता आणि बुडबुडा येतो का बघत मुकाट उकिडवे बसून राहता. म्हैस बाजूला तिष्ठत उभी. आत्या म्हणतात, "आवं, उद्या म्हस पेट्रोल द्याय लागंल." तुम्ही तिकडं लक्षच देत नाही. काढलेले बोल्ट आत्यांच्या वाट्यांमध्ये, एकेका जागेचे एकेका वाटीत. आमटी वाढायला वाट्या उरल्या नाहीत, तर तुम्ही ताटातच वाढा म्हणालात.

खरी अडचण सांगाड्याची होती. पुढची उजवी बाजू आत गेली होती. विहिरीतली मोटर वर काढायची चेन पुली तुम्ही आणलीत, गाडीचं मागचं अंग चिंचेला बांधलंत, पुढून साखळी आंब्याला. थोडं ओढायचं, हातोडीनं ठोकायचं, थांबायचं, आणि मग दोरीनं माप घ्यायचं. पाया आखताना गवंडी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली मोजतो, तशीच. पुढच्या या कोपऱ्यातून मागच्या त्या कोपऱ्यापर्यंत, मग उलट. दोन्ही मापं एक आली की सांगाडा सरळ. पण दोरीला टोकं दोन, आणि दीर तर अंगणात पाऊल टाकायला तयार नव्हते. म्हणून दुसरं टोक धरायला मी. पदर नाकापर्यंत, हातात दोरी, आणि मधे आत्या. "म्हनावं, त्या बोल्टावर धरा." "त्या बोल्टावर धर गं." असं आपलं मोजमाप चालायचं.

एका संध्याकाळी आत्या धार काढायला गोठ्यात गेल्या. तुम्ही दोरी ताणलीत, मापाची गाठ मारलीत. माझ्या बाजूनं मला दिसत होतं की मधे एक पत्रा वर उचललाय आणि दोरी त्यावर चढलीय. म्हणजे माप लांब येणार. तुमच्या बाजूनं ते दिसत नव्हतं. मी गोठ्याकडे पाहिलं. आत्या काही येईनात. तुम्ही मापं ताडून पाहिलीत, मान हलवलीत, वाकडी बाजू जास्तच ओढली गेलीय असं समजून साखळी सोडून चांगल्या बाजूला बांधलीत आणि पुली ओढायला लागलात. साखळी ताठ झाली. चांगलं होतं ते लोखंड करकरलं. त्या आवाजाबरोबर मला माझी नोकरीच जाताना दिसली, आणि तोंडातून निघून गेलं, "थांबा, दोरी पत्र्यावर चढलीय. माप चुकलंय."

तुम्ही साखळी सैल सोडलीत. माझ्या बाजूला येऊन वाकून पत्रा पाहिलात. मग सरळ माझ्याकडे बघत विचारलंत, "कवा बघितलंस?"

"माप घेतानाच."

"मग बोलली का न्हाईस?"

"आत्या धार काढायला गेल्यात."

तुम्ही क्षणभर गोठ्याकडे बघितलंत आणि हसलात. तुम्हाला हसताना मी तोवर ऐकलंच नव्हतं. खांदे हलेपर्यंत हसलात. "म्हशीच्या धारंपायी गाडी वाकडी झाली आसती पोरी," म्हणालात. आणि लगेच, पहिल्यासारखं गंभीर होऊन, "त्यो पदर आदी कमरंला खोच. साखळीत घावंल."

मी खोचला. आत्या चरवी घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. तुम्ही त्यांना म्हणालात, "आता तू मधी बोलू नगंस. माप थेट जाऊ दे." आत्या म्हणाल्या, "बरं झालं बया. माझं तोंड दुखाय लागलं हुतं."

पुढचे दिवस मी तुमच्याकडून शिकले. लोखंड ओढून सोडलं की जरा मागे सरतं, म्हणून किंचित जास्त ओढायचं आणि सोडून बघायचं. तिन्हीसांजेला गोठ्याच्या भिंतीवर उजेड पाडून दिव्यांची उंची जुळवायची. एकदा पान्याला ग्रीस तसंच ठेवलं म्हणून तुम्ही मला असं झापलंत की शेजारी डोकावले. पण थेट मला झापलंत. चूल फुंकताना मी एकटीच हसत होते. आणि अपघात कसा झाला, वेग किती होता, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. याचं मला आजही नवल वाटतं. मी माझ्या सुनेला पहिल्या पाच मिनिटांत विचारलं.

गाडी तयार झाली त्या सकाळी तुम्ही माझ्या शेजारी पुढे बसलात. मळ्यातून आडरस्ता होता, पण तुम्ही म्हणालात, "गावातनं घे." पारावर सगळे होते. पांढऱ्या गाडीचं हिरवं तोंड बघून कुणीतरी हसलंच. तुम्ही समोर बघत एवढंच बोललात, "गेर बदल." मला दवाखान्याच्या दारात सोडून तुम्ही एसटीनं परत गेलात.

म्हणून काही सगळं बदललं असं नाही. पाहुणे आले की मी पुन्हा पदर ओढायची आणि तुम्ही पुन्हा खाकरायचात. गाडीपाशी एक रीत आणि माजघरात दुसरी, असं आपण दोघांनी न बोलताच ठरवून टाकलं होतं. मला त्याचा राग नव्हता. तुम्ही जिथं उभे होतात, तिथून पुढे यायला किती जोर लागला असेल ते मला तेव्हाही कळत होतं. मी त्या दवाखान्यातून निवृत्त झाले मामा. तुम्ही तोवर राहिला नाहीत याचं वाईट वाटतं.

तर रविवारी पार्किंगमध्ये सुनेनं दोरीचं दुसरं टोक धरलं. मी ताणली, आणि गाठ मारायच्या आतच ती म्हणाली, "आई, थांबा, इथं अडकलीय." लगेच. कुणाकडे न बघता. मी टोक हातात धरून तशीच बसून राहिले. तिला वाटलं मी चिडले. मग तिला हे सगळं सांगितलं. ती ह्यांना बाबा म्हणते आणि जेवताना त्यांच्याशी तावातावानं भांडते. तिला खरंच वाटेना. म्हणाली, "मग तुम्ही त्यांना हाक काय मारायचात?" मला उत्तर देता आलं नाही. हाक मारलीच नव्हती. गाडीखाली तुम्ही असताना पाना हवा का विचारायचं तरी मी पत्र्यावर बोटानं टकटक करायची.

तेच उत्तर आज लिहिलं. हे कुठे पाठवायचं नाही, ह्यांनाही दाखवणार नाही. दोरीबरोबर कपाटात राहील. फक्त एक सांगते. वर 'मामा' लिहायला घेतलं आणि माझा हात आपोआप डोक्याकडे गेला. घरात कुणी नव्हतं, अंगात गाऊन होता, पदर कुठला? तरी तो हात मी कमरेपाशी नेला, खोचल्यासारखं केलं, आणि मगच तुम्हाला हाक मारली.