रेघेवरून चाक हलवायचं नाही

१२ जून

धनाजीला दंड! आमचा रोजचा रिक्षावाला. लाल दिव्याला उभा होता, मागून रुग्णवाहिका आली म्हणून रेघ ओलांडून वाट दिली — चौकातल्या नव्या कॅमेऱ्याने नेमका तोच फोटो काढला. "आवं काकी, पुण्य केलं त्येचाबी दंड?" मला हसू आलं. नियम तो नियम, म्हटलं. गेल्या वर्षी याच चौकात सिग्नल तोडणाऱ्याने आमच्या निमिषला उडवलं, पोरगा अजून लंगडतो. मला तो कॅमेरा हवाच आहे.

१५ जून

रिक्षावाल्यांनी दंडाविरुद्ध वाहतूक पोलिसांच्या कचेरीवर मोर्चा नेला. साहेब जागेवर नव्हते! संध्याकाळी सगळे आमच्या अंगणात. ह्यांना कोण आनंद! हळदीची पेढी बंद केल्यापासून सल्ला विचारायला कोणी फिरकलं नव्हतं. म्हणाले, "कॅमेरा फोडू नका. नियमच पाळा. इतका पाळा की गाव मेटाकुटीला येईल. लाल दिव्याला रेघेवरून चाक हलवायचं नाही, मागे कोणीही येवो." पोरं खूश. मी चहा टाकला.

१८ जून

आंदोलन सुरू. चौक तुंबलाय. हे दोनदा जाऊन बघून आले.

२२ जून

हे गेले.

२४ जून

लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

परवा सकाळी ह्यांच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिका लगेच मिळाली. चौकात लाल दिवा, पुढे रिक्षाच रिक्षा. भोंगा वाजतोय, हवालदार पुढे जा म्हणून हात करतोय, एक चाक हलेना. पुढून कोणीतरी ओरडलं, "कॅमेऱ्याला तुमचा हात दिसत न्हाई, सायेब!" हिरवा झाला, जेमतेम चार रिक्षा सरकल्या, पुन्हा लाल झाला, कोंडी तशीच. ह्यांनी माझं मनगट घट्ट धरलेलं. मी दुसऱ्या हाताने काच बडवत राहिले. दुसरं काय करणार होते मी? दवाखान्याच्या दारात मनगट सुटलं. डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायला हवं होतं.

रागवू कोणावर? कॅमेऱ्यावर? त्या पोरांवर? की ह्यांच्यावरच?

१ जुलै

दहावा. कृष्णेकाठी पिंड ठेवला, कावळा शिवेना. आईला सांभाळीन, निमिष म्हणाला. नाही. रिक्षावाले म्हणाले, काका, कॅमेरा काढायला लावतो. तरी नाही. मग मागे उभा असलेला धनाजी पुढे येऊन पिंडासमोर बसला.

"काका, समद्यात म्होरं माझीच रिक्षा हुती. हवालदाराला मीच वरडलो."

कावळा शिवला. हे सुटले.

धनाजीला आणि मला उठवेना.