भुकेतली शांतता

पनवेल,
१२ नोव्हेंबर २०२५

ती. गोदूताईंना किशोरीचा शि. सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण आमच्या भिंतींना कान आहेत आणि ते अनुयाचे आहेत. तुमच्या या भाचीनं नवरात्राचे नऊही उपवास केले. मीच गावदेवीच्या देवळात मिरवलं, सोळा वर्षांची पोर नऊ दिवस फळांवर राहिली म्हणून. बायका तिच्या पाया पडल्या. दसऱ्याला सगळ्यांनी उपवास सोडला, तिनं सोडलाच नाही.

आता नाडी मंद झालीय. डॉक्टरीणबाई म्हणतात, आठवड्याच्या आत दवाखान्यात ठेवायलाच हवं. अनुया तयार नाही. तुमचे बंधू म्हणतात, आपल्या आगरी माणसांच्या घरात न जेवून कोणी आजारी पडतं का, लाडावलीय नुसती.

मी रडले, माझ्या मिरवण्यानंच झालं म्हणून. तर बाई म्हणाल्या, उपवास ठिणगी झाला असेल, पण लाकूड आधीचंच कोरडं होतं. तुम्हीआम्ही भुकेनं चिडतो. काहींच्या मेंदूला मात्र उपाशी राहिलं की उलट शांत वाटतं. ही घडण पुष्कळदा रक्तातून येते, उंचीसारखी. सगळं अजून शास्त्रज्ञांनाही उमगलेलं नाही म्हणे. ताई, दीड महिना मी त्याला हट्ट म्हणत होते!

घरात आधी कोणाला असं झालं होतं का, असं त्यांनी विचारलंय. हे म्हणाले, कोणालाच नाही. तुम्ही थोरल्या, तुम्हाला काही आठवतंय का?

माया आहे तशी राहू द्या, उत्तर तेवढं लगेच धाडा.

आपली,
किशोरी


नागोठणे,
१५ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. किशोरीस गोदूताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. कोणाला झालं होतं म्हणून काय विचारतेस, मलाच झालं होतं.

कमळाकर तेव्हा पाच वर्षांचा, त्याला कुठून ठाऊक असणार? सतराव्या वर्षी मी चातुर्मासात एकभुक्त राहिले आणि चातुर्मास संपला तरी थांबले नाही. पोट रिकामं असलं की डोक्यातला गलका थांबायचा. बाबांनी गावभर सांगितलं, पोरीनं व्रत घेतलंय. पाळी गेली, केस गळाले, मनगट दोनदा मोडलं, लग्नाचं कोणी नाव काढलं नाही. सगळे म्हणाले, देवीची इच्छा. मीही मान ताठ करून चालले. अजून एकदाच जेवते, सवय झालीय.

पंचेचाळीस वर्षं वाटत होतं, ही माझी कमाई. आणि ती माझ्या आधीच माझ्या रक्तात येऊन बसलेली! अंगावर काटा आला गं. त्याहून नवल म्हणजे हे कमळाकरच्या अंगातून अनुयापर्यंत गेलं असेल आणि त्याला पत्ताच नाही. तो आपला जिताड्याचं कालवण ओरपून ढेकर देतोय.

हे पत्र त्याला वाचायला दे, मग अनुयाला. माझी लाज राखायला जाऊ नकोस. पोरीला दवाखान्यात ने. माझ्या वेळी सगळ्यांनी हातच जोडले, नाडी कोणी बघितली नाही.

तुम्हा सगळ्यांवर जीव आहेच.

गोदूताई


पनवेल,
२१ नोव्हेंबर २०२५

प्रिय आत्या,
सा. न.

दवाखान्यातून लिहितेय. बाबांनी तुझं पत्र वाचलं आणि उठून गॅलरीत गेले. परत आले ते माझी बॅग भरायलाच. मग मला पत्र दिलं.

मला वाटायचं, ही शांतता मी एकटीनं शोधलीय. ती तुझ्याकडेही होती, हे वाचून आधी राग आला. मग कितीतरी वेळ मी माझे हातच बघत बसले. माझ्यात अजून कोणाकोणाचं काय काय आहे, कोण जाणे.

इथे जेवले की तो गलका उठतो. खूप भीती वाटते. डॉक्टरीणबाई म्हणतात, जेवण हेच औषध, गलका हळूहळू ओसरतो, कुठल्याही वयात.

तू सवय लिहिलंस ना, ते मी त्यांना दाखवलं. त्या म्हणाल्या, ही सवय नसावी, तपासायला हवं. आत्या, तूही आजारी आहेस गं, आणि तुला कधी कोणी सांगितलंच नाही.

रविवारी बाबा गाडी घेऊन तुला आणायला येताहेत. माझ्यावर जीव असेल तर नाही म्हणू नकोस. मला एकटीला जेववत नाही.

तुझी,
अनुया