अजून खोलात जा

सोमवार, ४ तारीख
एम.ए.चा निबंध परत आला. विषय: वाचनालयातली शांतता. पन्नासपैकी एकोणीस. शेवटच्या पानावर मॅडमचा शेरा: "अजून खोलात जा." बस्स, एवढंच. कुठल्या खोलात? मी काय विहीर खणतोय? संताप इतका की आतली पानं उघडलीसुद्धा नाहीत. अठरा तारखेला सुधारून द्यायचा, नाहीतर वर्ष गेलं.
संकल्प: उद्या मॅडमना तोंडावर जाब विचारणे.

मंगळवार, ५
केबिनपर्यंत गेलो. दार बंद होतं. ढकललं असतं तर उघडलं असतं, पण जबरदस्ती माझ्या स्वभावात नाही.
दुपारी पहिल्या वर्षाचे चाळीस निबंध तपासले. विभागाने हे काम माझ्यावर विश्वासाने सोपवलंय. विषय: रांग. एका चहात उरकले. बहुतेकांना शेरा: "अजून खोलात जा." माझ्या शेऱ्यामागे आपुलकी आहे. मॅडमच्या नाही.

शुक्रवार, ८
पहिल्या बाकावरची मुलगी निबंध घेऊन टेबलापाशी उभी. सर, खोलात म्हणजे नेमकं कुठे जाऊ, असं विचारत होती. यात नापास झाली तर घरचे शिक्षण थांबवतील म्हणे. मी गंभीर चेहऱ्याने सांगितलं की स्वतः शोधलं तरच सापडतं. तिने मान डोलावली, सॉरी म्हणाली. सॉरी तिने का म्हणावं?
जेवण गेलं नाही. ऊन फार होतं, त्यामुळे असेल.

मंगळवार, १२
तिने अख्खा निबंध नव्याने लिहून आणला. पहिल्यापेक्षा जाड. नीट वाचायचाच होता, पण मला माझ्या निबंधाचं टेन्शन. वरवर चाळून लिहिलं: "बरं आहे, पण मूळ मुद्दा हरवला." हा शेरा कुठेही बसतो.
संध्याकाळी ताईला फोन केला. मॅडमची सगळी गाऱ्हाणी सांगितली, ओघात त्या मुलीचंही. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, त्या मुलीचा निबंध तू वाचलास का रे? तेवढ्यात रेंज गेली. म्हणजे मी फोन ठेवला.

गुरुवार, १४
आज दार ढकललं. ठणकावून बोलणार होतो. तोंडातून निघालं, मॅडम, थोडा वेळ आहे का.
मॅडमनी निबंध मागितला, पाचवं पान उघडून समोर धरलं. परिच्छेदाच्या मधोमध माझंच वाक्य: "इथे अजून खोलात जाणे. वाचनालयात एकदा तरी जाऊन येणे." कच्च्या मसुद्यातली स्वतःसाठीची सूचना, तशीच छापून गेलेली. मॅडम म्हणाल्या, अरे, मी आणखी काय लिहू? तूच लिहिलंयस, मी फक्त अनुमोदन दिलं.
ताईला कळलं तर म्हणेल, चोराच्या उलट्या बोंबा. कळवणार नाही.

शनिवार, १६
त्या मुलीचा तिसरा निबंध आला. आज तिन्ही वाचले, पहिल्यांदाच.
पहिल्यात ती वडिलांबरोबर दवाखान्याच्या रांगेत आहे. वडिलांना उभं राहवत नाही, म्हणून ते आपल्या जागी पिशवी ठेवून बाकावर बसतात. मागची अनोळखी बाई ती पिशवी पायाने पुढे सरकवत राहते. कोणी तिला सांगितलेलं नाही. किती छान लिहिलंय पोरीने! दुसऱ्यात वडील दोन ओळींत आटोपले. तिसऱ्यात वडील नाहीत, पिशवी नाही, नुसत्या व्याख्या.
त्या माणसाला रांगेतून मी बाहेर काढलं. फार वाईट वाटतंय. ऊन नाहीये आज.
संकल्प: तिला खरं सांगणे. माफी मागणे. बाकीचे एकोणचाळीसही वाचणे.

सोमवार, १८
तिला पहिल्या निबंधावर बेचाळीस दिले. बाकीच्यांपैकी चार वाचून झाले, मग गुणांची यादी द्यायची वेळ झाली. माझाही निबंध दिला. पाचव्या पानावरची सूचना काढून टाकली. वाचनालयात जाणं तेवढं राहिलं.
दुपारी ती आली. रडून झालेलं दिसत होतं, पण हसत होती. सर, पहिलाच चांगला होता तर मग तेव्हा काय चुकलं होतं? पुढच्या वेळी लक्षात राहील म्हणून विचारते, म्हणाली.
माफी अगदी ओठांवर आली होती. पण तिच्यामागे आणखी पाचसहाजण आपापले निबंध घेऊन उभे होते आणि कान टवकारून ऐकत होते.
मी म्हणालो, आता फार खोलात जाऊ नकोस.
तिने वही काढली आणि तेही लिहून घेतलं.