मामाची लघवी आणि माझी जबाबदारी

३ एप्रिल
आजपासून जबाबदार माणूस. ठरलं. कृष्णनाथमामाला (चाळीस वर्षं मायनिंगचा ट्रक, त्याहून जास्त वर्षं विड्या) रविवारी लघवी लाल झाली. एकदाच. मामा म्हणे, दुखाक नाय म्हणजे कायच नाय. डॉक्टर म्हणाले, एकदा झाली तरी बघायलाच हवं, कॅन्सरही असू शकतो. तीन सकाळी ताजी लघवी म्हापशाच्या लॅबला, मग आत कॅमेरा. कॅमेऱ्याचं नाव काढताच मामा परसात पळाला. म्हणतो, रिपोर्ट चांगला आला तर कॅमेरा कॅन्सल. बाटली पोचवायचं काम माझ्याकडे. कोरगावहून बाईकवर पाऊण तास. सोपं.

४ एप्रिल
वाटेत मित्राची, रुद्रेशची काजूची भट्टी. पहिल्या धारेचा उर्राक निघत होता. दहाच मिनिटं थांबलो. साडेअकराला लॅब. काउंटरवरची म्हणाली, ही शिळी, ताजी पाहिजे. बाथरूममध्ये जाऊन दोन मिनिटांत ताजी दिली. मामा-भाचे, रक्त एकच.

५ एप्रिल
आज थेट गेलो. खड्ड्यात बाटली सांडली, यात माझा काय दोष? कालचाच उपाय.

६ एप्रिल
बाटली न्यायलाच विसरलो. अडलं काही नाही.

१० एप्रिल
रिपोर्ट क्लीन! कॅमेरा कॅन्सल. देवकीमामीने गोड मणगणं केलं. दोन वाट्या खाल्ल्या. छातीत जड वाटतंय. गूळ जास्त झाला असणार.

१२ एप्रिल
मामीने देवळात कौल लावला. रिपोर्ट खरो काय? देवाला चिकटवलेली डावी पाकळी पडली. म्हणजे नाही. मी म्हटलं, पंख्याचा वारा. भटजींनी पंखा बंद केला. परत डावी.
उद्या सगळं सांगणार. जेवल्यावर.

१३ एप्रिल
वास्को. मित्राकडे, स्वप्नीलकडे, पोर्टमध्ये काम बघायला. अचानक ठरलं.

१६ एप्रिल
परत. मामाला आज पुन्हा लाल. मामा रिपोर्ट फडकावतो, क्लीन आसा, तो सोलकढीचो रंग! तेव्हा तोंडातून निघून गेलं, मामा, ती लघवी माझी. मामाने चप्पल काढली. मामी म्हणाली, आधी डॉक्टर, मगे चप्पल.
डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट मामाचा असता आणि क्लीन असता, तरी कॅमेरा लागलाच असता. म्हणजे माझी चूक तेवढी मोठी नाही. हे मामाला समजावलं. मग चप्पल बसली.

२४ एप्रिल
कॅमेरा झाला. मूत्राशयात छोटी गाठ. कॅन्सरच दिसतो म्हणाले, पण लवकर सापडला. पुढच्या आठवड्यात काढणार. माझ्यामुळेच लवकर, असं म्हणायला तोंड उघडलं. मामीने बघितलं. मिटलं.
पुढेही तपासण्या आहेतच. बाटली मामी स्वतः बसने नेणार. विचारलं, मग माझं काम काय? म्हणाली, तू घराकडेच रव. आणि मुताक जाताना सांगान जा.