काकडीचं मी काय सांगितलं

आई,

तिसऱ्यांदा बसले आहे लिहायला. मघाशी उठून गॅस बंद केलाय का ते पाहून आले, मग गॅलरीतले कपडे काढले, ते ओलेच निघाले म्हणून पुन्हा वाळत घातले. तू असतीस तर म्हणाली असतीस, "पायाला भिंगरी लागल्ये काय गो तुझ्या?" लागली आहे. सकाळी गोरीबेनचं पत्र आलं. तीच, परदेशातून सेवा करायला म्हणून दुधनीला आलेली आणि आपल्या शाळेमागच्या खोलीत पाच महिने राहिलेली. आता ती म्हातारी झाली आहे. या हिवाळ्यात सिल्वासाला येते म्हणते. दुधनीला जाऊन तिथल्या बायकांना एकदाच विचारायचं आहे, की माझं काय चुकलं होतं. आणि पुढे लिहिते, "दुभाषी तूच हो, पूर्वीसारखी."

तिचं नाव पाड्यावर कुणाच्या तोंडात बसेना म्हणून सगळ्यांनी गोरीबेन केलं, तुला जसं मास्तरीणबाय केलं होतं. पहिल्या दिवशी तिने सुकट खाल्ली आणि डोळ्यांतून पाणी काढत "बरा हाय, बरा हाय" म्हणत राहिली, कारण तेवढंच तिला येत होतं. ती ओढ्यावर कपडे धुवायला बसायची तेव्हा बायका आपली धुणी सोडून तिला बघायच्या. तिला उकिडवं बसता यायचं नाही, दगडावरून घसरून पाण्यात बसायची आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायची. रोज सकाळी छत्री घेऊन ती घरोघर जाई, लहान पोरांना काय भरवावं ते आयांना दाखवी, आणि मी मागे मागे. मी बारावी होऊन घरात बसले होते, दुधनीचा मला वीट आला होता. तिच्याबरोबर इंग्रजी बोलताना वाटायचं, आपण इथल्या नाहीच. तिने मला सांगितलं होतं, तुझ्यासाठी मी आमच्या संस्थेला लिहीन, तूही एक वर्ष बाहेर जाशील. त्या एका वाक्यावर मी हवेत चालत होते, आई.

त्या वर्षीचा भाद्रपद चालू आहे. पाड्यावरच्या एका म्हातारीच्या कुडाच्या घरावर काकडीचा वेल चढलाय आणि काकड्या हाताला लागतील इतक्या खाली आल्यात. अंगणात सात-आठ बाया पोरं घेऊन बसल्यात. गोरीबेन मऊ भात कालवते, वर पाहते आणि मला विचारते, यातली एक घेऊ का, पोरांना किसून देऊ. मी म्हातारीला विचारते. म्हातारी मान हलवते. "नाय बाय. आजून नवा नाय केला. देवाला दिल्याबिगर तोडायची नाय." आपल्याला हे ठाऊक होतं. नवं पीक आधी देवाला, मग माणसाला, तोवर पोर रडलं तरी काकडीला हात लावायचा नाही. तू शाळेच्या कुंपणावरची काकडीसुद्धा त्यांचं नवं होईपर्यंत तोडू द्यायची नाहीस. पण मला लाज वाटली. ही बाई काय म्हणेल, आमच्याकडे अजून असलं चालतं? मी म्हणाले, "हो म्हणते, घे."

तिने तोडली. किसली. म्हातारीच्या नातीला पहिला घास भरवला. बाया पोरं काखेत मारून एकेक करून उठल्या, आणि गोरीबेनला वाटलं, कामं असतील. दोन दिवसांनी त्या नातीला ताप भरला. पावसाळ्यात कुणाला भरत नाही? पण पाड्याने ताप आणि काकडी एकत्र केली, आणि शाळेतली पोरंही यायची बंद झाली.

मग तू गेलीस पाड्यावर. मला बरोबर यायला लावलंस. माणसं गोल करून बसली होती, त्यांच्यापुढे उभी राहून म्हणालीस, "गोरीबेनला तोडायला मीच सांगितलं. इथे बारा वर्षं काढल्यावर मला कळायला हवं होतं. तिच्यावर राग धरू नका." देवापुढे नवं लवकर करायचं ठरलं, कोंबडी आणि नारळ तुझ्याकडून. दुसऱ्या दिवशी तू वह्यांच्या पिशवीतून कोंबडी नेलीस. ती अख्खी वाट ओरडत होती आणि तू तिला वर्गातल्या पोरांसारखी "गप, गप बस" म्हणत होतीस. मला हसू आलं नाही. पोरीचा ताप उतरला, शाळा भरली. पण बायका गोरीबेनपुढे पुन्हा बसल्या नाहीत, आणि महिन्याभरात तिच्या संस्थेने तिला दुसरीकडे पाठवायचं ठरवलं.

तुला इंग्रजी बोलता यायचं नाही. तू मला म्हणालीस, "तिला सगळं नीट समजावून सांग. उगाच मनाला लावून जाईल बिचारी." मी तिला सांगितलं, बायकांना शेतात निंदणी आहे. सिल्वासाच्या बसस्टँडवर ती रडली, तुझ्या पाया पडायला वाकली आणि तोल जाऊन तुझ्या पिशवीवर पडली. बस गेल्यावर तू विचारलंस, "सांगितलंस ना?" मी म्हणाले, "हो."

तिने शब्द पाळला. तिच्या पत्रावर मी आफ्रिकेतल्या एका खेड्यात वर्षभर गेले, आता मीच परकी बाई. कपडे घासताना माझ्यामागे बायका हसायच्या, माझ्या हातची चपाती पोरं उन्हाकडे धरून बघायची. एकदा एका घरी मी विचारलं, या माठातलं पाणी घेऊ का? घरच्या आजीने काहीतरी लांबलचक सांगितलं. माझ्याबरोबरची शिक्षिका क्षणभर थांबली आणि म्हणाली, "हो, घ्या." ते थांबणं माझ्या ओळखीचं होतं. मी तांब्या खाली ठेवला आणि त्या वर्षात एकही गोष्ट दोघांना विचारल्याशिवाय केली नाही. तिथेच तू गेल्याची तार आली.

परत आल्यावर दुधनीला गेले. म्हातारी तुझ्यासाठी रडली आणि रडता रडता म्हणाली, "तुझे आयेला मी तवाच सांगतला होता. पोरीला मी 'नको' बोलले, पोरीने गोरीला काय सांगतला देव जाणे." म्हणजे तू सगळ्यांपुढे उभी राहिलीस तेव्हा तुला माहीत होतं. मला बरोबर नेलंस ते म्हणूनच. मी तोंड उघडीन अशी वाट बघत होतीस का? मी तर तुझ्या पदराआड उभी होते. अजून त्या आठवणीने मला बसवत नाही.

आता म्हातारीही नाही. ती नात दोन पोरांची आई झालीय, तिला यातलं काही आठवत नाही. गोरीबेन येईल, बायकांना विचारेल, बायका गोंधळून माझ्याकडे बघतील, आणि त्यांचं उत्तर पुन्हा माझ्याच तोंडून तिला कळेल. मी काहीही सांगू शकते. याचीच मला भीती वाटते. दुपारी तिला उत्तर टाकलं. कागद पुरता भरेल एवढं लिहायचं होतं, लिहिलं एवढंच: ये, मी आहे.

आई, काकडीचं खोटं तू ओळखलं होतंस. बसस्टँडवरच्या माझ्या "हो"वर मात्र तू विश्वास ठेवलास, आणि घरी येताना माझ्यासाठी भजी घेतलीस. गोरीबेनला मी खरं तेव्हा सांगितलं नव्हतं. आजच्या पत्रातही नाही.