शिडावरचं निळं ठिगळ

लाडक्या सोआझिगला, थोरल्या बहिणीचे पॅरिसहून दोन्ही गालांवर मुके.

लेकीचं बाळंतपण नीट झालं, काळजी नको. बाळाचं नाक आपल्या बाबांसारखं आहे, बिचारं!

अगं, सोमवारी इथे चित्रांच्या एका दुकानात आपलं गाव टांगलेलं दिसलं! वाळू गुलाबी आणि समुद्र पिवळा रंगवलाय, पण गाव आपलंच. माझा नातू गोलवेन ज्या वादळात हरवला, त्याच वादळात चर्चचा मनोरा पडला ना? चित्रात मनोरा नाही, म्हणजे ते वादळानंतरचं, आणि वाळूवर गोलवेनची होडी उभी आहे! शिडाला माझ्या जुन्या घागऱ्याचं निळं ठिगळसुद्धा आहे. मी रस्त्यातच नाचले गं.

दुकानदार म्हणतो, "आजीबाई, चित्रकार मनातली होडीही काढतात." शहरी माणसाला समुद्राचं काय कळतंय!

पोरगा परतला आणि तू कळवायला विसरलीस, इतकंच ना? विसरलीसच असशील. नेहमीचंच आहे तुझं.

देह सापडला नाही म्हणून त्याच्या नावाचा मेणाचा क्रूस पुरणार होते, तो पुरू देऊ नकोस. पुरला असेल तर उकरून काढ.

मी रोज ते चित्र बघून येते. होडी अजून वाळूवरच आहे.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
कातेल