दाराकडे पाठ

४ मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू म्हणशील, फोन असताना याला पत्राची हुक्की कुठून आली! फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून. आता वाच गपगुमान.

आधी बातमी. माझ्या डाव्या कानाला टाका पडलाय. घाबरू नकोस, कान जागच्या जागी आहे. तुझ्या भाचीचा केस कापायचा कोर्स संपला. पहिलं डोकं बाबांचंच, हा तिचा कधीपासूनचा हट्ट. मी टाळत होतो. तुला ठाऊकच आहे, मी न्हावी असून माझे केस मीच कापतो, एक आरसा पुढे, एक मागे. मागची बाजू उंदरांनी कुरतडल्यासारखी दिसते, असं गिऱ्हाइकं तोंडावर सांगतात. तर परवा दुकानात मी वाकून कंगवे धूत होतो. ही मागून आली आणि लाडानं माझ्या मानेवर हात ठेवला. मी असा उसळलो, की तिच्या दुसऱ्या हातातली कात्री कानाला लागली. वर मी तिला ढकललं गं. पोर भिंतीवर आपटली. फार लागलं नाही, पण तेव्हापासून तिनं दुकानाची पायरी चढलेली नाही. आपल्याच हातात काही खोट आहे, असं तिनं मनाला लावून घेतलंय.

मग बायकोनं मला धरून मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. आता आठवड्यातून दोनदा जातो. मागून कोणी आलं की अंगाला काय होतं, असं बाईंनी विचारलं, आणि मला काकांच्या घरातलं ते भिंतीला लावलेलं टेबल दिसलं. मानेवर बसणारी चापट आठवते. पाऊल मात्र एकही ऐकू येत नाही. माणूस चालत येतो तर आवाज नको का व्हायला? तेव्हापासून डोक्यात हाच किडा वळवळतोय. हे घडलं, की मीच रचलं? तू त्या घरात होतीस. आठवतं तसं लिही.

मला पोरीसमोर खुर्चीत बसायचंय, ताई. तिनं केस कापायचे आणि मी हलायचं नाही. बास.

भावोजींना नमस्कार. लोभ आहेच, सध्या थोडा जास्तीचा लागेल.

तुझा
भुंग्या


१३ मार्च

चि. भुंग्यास,
अनेक आशीर्वाद. कान सांभाळ, एकच जोडी आहे.

खरं सांगू, पत्र वाचून आधी तुझा रागच आला. काका जाऊन इतकी वर्षं झाली, आता उकरून काय मिळणार? आई-बाबा गेल्यावर आपल्याला त्यांनी घरात घेतलं, दुसरं कोणी पुढे आलं नाही, हे मी स्वतःला सांगत आले. दोन दिवस पत्र डब्यांच्या मागे सारून ठेवलं. पण चहासाखर काढताना रोज दिसायचंच ना.

घडलं, बाळा. पाऊल ऐकू यायचं नाही, कारण काका बूट दाराबाहेर काढून नुसत्या मोज्यांवर यायचे. मुद्दाम. तू अभ्यास करतोस की चित्रं काढतोस ते पकडायला. चापट बसली की तुझं कपाळ टेबलावर आदळायचं. मी दारातून पाहिलंय. एकदा नाही, पुष्कळदा. तू काहीही रचलेलं नाहीस.

आता माझे प्रश्न. या बाई नेमकं करतात काय? आडवं झोपवतात का? त्यांना बोलायला फट तरी मिळते का? तू जन्माचा बडबड्या, उगाच नाही भुंग्या नाव पडलं. सगळं लिही, मला इथे चैन नाही.

माझा घसा तसाच. खोलीत शिरताना खोकला येतोच. घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, काही सापडलं नाही. हे म्हणतात, बायकोच्या आधी तिचा हॉर्न येतो!

पोरीला जवळ घे. बाकी माया नेहमीसारखी, मोजायची नाही.

तुझी
ताई


२५ मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र बाईंना वाचून दाखवायला घेतलं. मोज्यांपर्यंत आलो आणि रडू फुटलं. एवढा बाप्या माणूस, हुंदके देत होतो. पण मोकळं वाटलं गं. पाऊल का नव्हतं ते कळलं!

आडवं कोणी झोपवत नाही. दोन खुर्च्या आहेत. मी पहिल्या दिवशी भिंतीला टेकलेली धरली. हल्ली दर खेपेला ती थोडी पुढे ओढतो आणि पाठीला काय होतं ते बाईंना सांगतो. आधी मुंग्या येतात, मग मान आखडते, मग हळूहळू उतरतं. गंमतच आहे, भीतीसुद्धा बसून बसून कंटाळते.

मी गिऱ्हाइकांना सगळं आधी सांगतो, हे ऐकून बाईंना नवल वाटलं. आता कात्री घेतोय, आता मानेला वस्तरा लावतोय, असं माझं चालूच असतं. सांगून मागे यायचं हे कोणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं. कोणी नाही, असं म्हणायला तोंड उघडलं आणि एकदम ऐकू आला एक बारीकसा खोकला. दारात. मग तू आत यायचीस, माझ्या पाठीमागून वाकून पाटीवरची गणितं बघायचीस, आणि मला काही व्हायचं नाही.

ताई, तुझा घसा कधीपासून असा आहे?

लवकर लिही. जीव टांगणीला लागलाय.

भुंग्या


२ एप्रिल

चि. भुंग्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि उठून झोपायच्या खोलीच्या दाराशी गेले. खोकले. खोली रिकामी होती, हे बाहेर गेले होते. मी कुणाला सांगत होते रे?

आठवलं सगळं. एकदा मी सहज मागून आले, तर तू दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलंस. मला बघून. तेव्हापासून खोकायला लागले. तू काही बोलला नाहीस, मीही नाही. पुढे माझं लग्न झालं, मुलं झाली, तरी खोकला राहिला तो राहिलाच. मेल्या काकांचा इतका राग आलाय, की काल एक कप फोडला.

पोरीला सगळं सांग. लपवू नकोस, ती स्वतःला दोष देत बसली आहे. आणि तिला दारातून खोकायला सांग.

तुझी
ताई


१९ एप्रिल

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सांगितलं. एकदा मागून मिठी मारू का, असं पोरीनं विचारलं. मी नको म्हटलं. पुढून मारली.

बुधवारी दुकानात आली. दारातून इतकी खोकली, की खुर्चीतल्या गिऱ्हाइकानं तिला पाणी देऊ केलं! मग मी बसलो. आता कंगवा, बाबा, आता कात्री, असं सांगत कापत होती. मी खुर्चीचे हात घट्ट धरलेले. मानेशी आली तेव्हा थांब म्हटलं. थांबली. पुन्हा थांब म्हटलं. पुन्हा थांबली. ताई, थांब म्हटल्यावर कोणी थांबतं, हे मला माहीतच नव्हतं गं. तेवढ्यावरच त्या दिवशी उठलो. अर्धं डोकं कापलेलं तसंच घेऊन दिवसभर दुकान चालवलं. विचारलं त्याला सांगितलं, काम चालू आहे. उरलेलं दुसऱ्या दिवशी झालं. हात छान आहे तिचा.

आता तू ये. भावोजींना चार दिवस स्वतःचा चहा करू दे. मी टेबलाशी दाराकडे पाठ करून बसेन. तू आत ये, मागून ये, आणि खोकू नकोस.

वाट पाहतोय.

तुझा
भुंग्या